मानवी हक्कांच्या जागृतीसाठी लघुपट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानवी हक्कांवर लघुपट करू पाहणारे विद्यार्थी आणि हौशी दिग्दर्शक, तसेच असे लघुपट वर्गात, वस्तीत किंवा सभागृहात दाखवणारे शिक्षक आणि कार्यकर्ते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे थोडक्यात आटोपली आहेत; जेथे चूक झाल्यास एखाद्या माणसाचे नुकसान होऊ शकते, तेथे मात्र मुद्दाम सविस्तर लिहिले आहे.

या कामासाठी लघुपटाचे माध्यमच का निवडावे?

मानवी हक्कांची भाषा ही कायद्याची भाषा आहे आणि कायद्याची भाषा बहुतेकांना आपल्या जगण्यापासून दूरची वाटते. ‘कोणालाही मनमानीपणे अटक केली जाणार नाही’ हे वाक्य वाचून डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. पण रात्री दारावर थाप पडते, घरातला एक माणूस अंधारात चपला शोधू लागतो आणि त्याला कुठे नेत आहेत हे त्याच्या बायकोला कोणीच सांगत नाही, एवढे दोन मिनिटांत पडद्यावर दिसले की ते वाक्य लिहिण्याची गरज का पडली असेल, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे कारण वेळेचे आहे. पूर्ण लांबीचा चित्रपट संपला की प्रेक्षक घरी जायला निघतो. लघुपट संपल्यावर मात्र त्याच बैठकीत बोलायला वेळ उरतो, आणि जागृतीचे खरे काम बहुधा त्या उरलेल्या वेळातच होते. शिवाय ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यापर्यंतही तो पोहोचतो.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९ डिसेंबर २०११ रोजी मानवी हक्क शिक्षण आणि प्रशिक्षणाविषयीचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या सहाव्या कलमात, मानवी हक्कांच्या प्रशिक्षणासाठी आणि जागृतीसाठी कलांना प्रोत्साहन दिले पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच जाहीरनाम्याच्या दुसऱ्या कलमात या शिक्षणाचे तीन पदर सांगितले आहेत: हक्कांविषयीचे शिक्षण, हक्कांच्या मार्गाने होणारे शिक्षण आणि हक्कांसाठीचे शिक्षण. यातला मधला पदर लघुपट करणाऱ्यांच्या नजरेतून हमखास निसटतो. शिकवणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्यांच्या हक्कांचा आदर राखूनच शिकवावे, असे त्यात म्हटले आहे. लघुपटाला ते लावले, तर हक्कांविषयी बोलणारी कलाकृती घडवताना कोणाच्याही हक्कांना धक्का लागता कामा नये, ही अट त्यातून निघते, आणि पुढच्या अनेक उत्तरांचा आधार तीच आहे.

लघुपट नेमका किती मिनिटांचा असावा?

ऑस्कर पुरस्कारांच्या नियमांत श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतची कृती लघुपट मानली जाते. इतर महोत्सवांच्या मर्यादा वेगवेगळ्या असतात. जागृतीच्या कामासाठी साधा हिशेब असा, की लघुपटाच्या दुप्पट वेळ चर्चेसाठी मिळाला पाहिजे. एका तासाच्या आत सारे बसवायचे असेल, तर ८ ते १५ मिनिटांची लांबी सोयीची ठरते.

विषय अफाट आहे. सुरुवात कोठून करावी?

मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये स्वीकारला गेला. बाजूने ४८ मते पडली, विरोधात एकही पडले नाही आणि ८ देश तटस्थ राहिले. त्यात एकूण ३० कलमे आहेत. सर्वप्रथम ती सगळी शांतपणे वाचावीत. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि तरीही या विषयावर लघुपट करणाऱ्या कितीतरी जणांनी ते केलेले नसते. मग त्यांतले एकच कलम निवडावे आणि त्या कलमाचा प्रश्न उभा राहील असा एकच प्रसंग शोधावा. ‘मानवी हक्क’ या नावाचा लघुपट कोणाच्याच लक्षात राहत नाही. जन्माची नोंद नसल्यामुळे परीक्षेला बसू न शकलेल्या मुलीचा लघुपट लक्षात राहतो.

सगळे वाचल्याचा आणखी एक लाभ होतो. हक्कांचे लघुपट म्हणजे छळ, युद्ध आणि तुरुंग, ही समजूत गळून पडते. विश्रांतीचा आणि कामाच्या तासांवरील वाजवी मर्यादेचा हक्क चोविसाव्या कलमात आहे, राष्ट्रीयत्वाचा पंधराव्या कलमात, तर समाजाच्या सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा सत्ताविसाव्या कलमात. दिवसभर एकदाही खाली न बसलेल्या कामगार स्त्रीवर केलेला, एकही संवाद नसलेला लघुपट हा चोविसाव्या कलमावरचा उत्तम धडा होऊ शकतो.

पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. त्याच्या जागी ‘सर्व मानव’ असा शब्द यावा, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला आणि तो मान्य झाला. विद्यार्थ्यांना ही हकिकत जरूर सांगावी, कारण संहितेतला एखादा शब्द किती भार उचलतो हे त्यावरून ध्यानात येते.

अन्यायाची कोणतीही गोष्ट मानवी हक्कांची गोष्ट होते का?

नाही, आणि अनेक संहिता येथेच फसतात. एका दुष्ट माणसाने दुसऱ्याला छळले, एवढ्यावर गोष्ट थांबली तर प्रेक्षकाला त्या दुष्ट माणसाचा राग येतो आणि विषय तेथेच संपतो. हक्क म्हटला की त्याच्या समोर कोणाचे तरी कर्तव्य असते, आणि ते बहुतांशी शासनयंत्रणेचे असते. तक्रार घेऊन आलेल्या बाईला ठाण्यातून परत पाठवले जाते, शाळा त्या मुलाला दाखल करून घ्यायला नकार देते, न्यायालयात तिच्या भाषेत बोलणारा दुभाषी मिळत नाही, असे काही घडते तेव्हा ती गोष्ट हक्कांची होते. म्हणून संहिता हाती घेतल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा: येथे संरक्षण करण्याची जबाबदारी कोणाची होती, आणि ती व्यक्ती किंवा यंत्रणा पडद्यावर कुठे आहे?

काल्पनिक कथा चांगली की माहितीपट?

दोन्ही चालतात, निवड धोका पाहून करावी. खऱ्या माणसाला पडद्यावर आणल्यामुळे त्याच्या जिवाला, नोकरीला किंवा घरातल्या स्थानाला धोका पोहोचणार असेल, तर कथेचा मार्ग धरावा. घरात होणाऱ्या हिंसेसारख्या विषयात तो बहुतेक वेळा अधिक सुरक्षित असतो आणि प्रेक्षकही ‘हे त्यांच्या घरातले आहे’ असे म्हणून हात झटकू शकत नाही. याउलट, जेथे घटना घडलीच नाही असा दावा केला जातो, तेथे कथेचा उपयोग कमी आणि प्रत्यक्ष माणसांच्या साक्षीचा अधिक. सत्य घटनेवर बेतलेल्या कथेत गावाचे नाव, व्यवसाय, कुटुंबातील माणसांची संख्या यांसारखे तपशील बदलावेत, कारण नाव बदलूनही ओळख उघड होते.

दुःख दाखवल्याशिवाय लोकांची मने हलत नाहीत, हे खरे नाही का?

मने हलतात, पण कोणत्या दिशेने, हा प्रश्न उरतोच. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की लाखोंच्या संकटाची आकडेवारी वाचणाऱ्यांपेक्षा एका मुलीची हकिकत वाचणारे लोक अधिक मदत देतात. आणि त्या हकिकतीला आकडेवारी जोडली की मदतीचा ओघ वाढण्याऐवजी कमी होतो. लघुपटाचा भर एका माणसावर का असावा, याला यातून बळ मिळते. पण ते संशोधन देणगीविषयीचे होते, हे विसरून चालणार नाही. देणगी देणारा माणूस दयेपोटी देऊ शकतो. हक्क मानणाऱ्या माणसाला समोरच्याला आपल्या बरोबरीचा मानावे लागते. रडणारे डोळे, फाटके कपडे आणि त्यांवर संथ करुण संगीत अशा मांडणीतून दया निर्माण होते आणि दयेला ओहोटीही लवकर लागते. शिवाय पडद्यावरचा माणूस प्रेक्षकाच्या मनात कायमचा लाचार होऊन बसतो.

१९३५ साली ब्रिटनमध्ये ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ हा सुमारे पंधरा मिनिटांचा माहितीपट तयार झाला. आर्थर एल्टन आणि एडगर अँस्टी यांनी लंडनच्या पूर्व भागातील पडक्या घरांत जाऊन तेथील रहिवाशांना थेट कॅमेऱ्यासमोर बोलू दिले. उंदीर, ओल, मोडकळीला आलेले जिने, दाटीवाटीची खोली यांविषयी ती माणसे स्वतःच्या शब्दांत, आपापल्या खोलीत उभी राहून बोलतात. ध्वनिमुद्रणाची साधने अवजड असलेल्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती आणि रूढ तर मुळीच नव्हती. आज तो पाहताना त्या माणसांची कीव येत नाही. ती तक्रारदार म्हणून समोर उभी राहतात आणि आपल्याला उत्तर द्यावे लागेल असे वाटते. तक्रारदार आणि लाचार यांतला हा फरक संकलनाच्या टेबलावर रोज तपासावा. आपल्या लघुपटातील माणूस काही मागतो आहे की केवळ सोसतो आहे? त्याने केलेले प्रयत्न, त्याचा राग, त्याचे हसणे आपण कापून तर टाकले नाही ना?

प्रत्यक्ष हिंसा दाखवण्याबाबत माझे मत ठाम आहे. मारहाणीचे दृश्य जितके उघडे, तितकी प्रेक्षकाची नजर खाली जाण्याची शक्यता अधिक. बंद दार, आतला आवाज आणि बाहेर उभ्या असलेल्या लहान भावाचा चेहरा एवढ्यानेच काम भागते.

‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ या माहितीपटाला पैसे कोणी दिले होते? प्रायोजक घ्यावा का?

‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ला ब्रिटनमधील गॅस उद्योगाच्या संघटनेने पैसे दिले होते. पडकी घरे जाऊन नवी आली की त्यांत गॅसची उपकरणे बसणार, हा त्यामागचा हिशेब होता. त्यामुळे रहिवाशांची साक्ष खोटी ठरत नाही. परंतु प्रश्नाचे उत्तर ‘नवी घरे बांधा’ एवढ्यावरच थांबते आणि मूळ विषमतेकडे जात नाही, यामागे पैशाची दिशा आहे. प्रायोजक घ्यायला हरकत नाही. त्याचे नाव उघड लिहावे, अंतिम संकलनाचा अधिकार आपल्याकडेच राहील असे आधी लेखी ठरवावे, आणि जिच्या विषयाशी त्याचा व्यापारी संबंध आहे अशी संहिता घेऊन त्याच्याकडे जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

संमतिपत्रावर सही घेतली की पुरे होते का?

सही ही संमतीची खूण आहे. संमती त्याहून मोठी गोष्ट आहे. ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएल यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये स्थापन झालेली ‘विटनेस’ ही संस्था मानवी हक्कांसाठी चित्रफितींचा वापर कसा करावा याचे प्रशिक्षण देते. संमतीकडे ती चार अंगांनी पाहते: हेतू आणि वापर यांची पूर्ण माहिती दिली आहे का, होकार दबावाखाली तर नाही ना, त्याचे परिणाम समोरच्याला खरोखर कळले आहेत का, आणि असा होकार देण्याची क्षमता त्या व्यक्तीत त्या वेळी आहे का.

यातले तिसरे अंग सर्वांत कठीण. ‘हा लघुपट इंटरनेटवर जाईल’ या वाक्याला ‘हो’ म्हणणाऱ्या व्यक्तीच्या मनात इंटरनेट म्हणजे काय चित्र आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून अमूर्त शब्द टाळून प्रत्यक्ष विचारावे: तुमच्या सासरच्या माणसांनी हे पाहिले तर काय होईल? ज्याच्याविरुद्ध तुम्ही बोलत आहात, त्याने पाहिले तर? दहा वर्षांनी तुमच्या मुलीने पाहिले तर? या प्रश्नांवर माणसे थांबतात, विचार करतात, आणि काही जणी नकार देतात. तो नकार हे संमतीची प्रक्रिया नीट झाल्याचे लक्षण समजावे.

दबाव दर वेळी धमकीच्या रूपात येत नाही. ज्या संस्थेकडून धान्य, उपचार किंवा वकील मिळतो, त्याच संस्थेचा माणूस कॅमेरा घेऊन आला तर ‘नाही’ म्हणणे अवघड असते. चित्रीकरणाला नकार दिला तरी मदत चालूच राहील, हे कॅमेरा पिशवीतून काढण्यापूर्वी सांगावे आणि ते खरे असावे.

संमती टप्प्याटप्प्याने घ्यावी: चित्रीकरणापूर्वी, चित्रीकरण संपल्यावर, आणि संकलित लघुपट दाखवून झाल्यावर. शेवटचा टप्पा वेळेअभावी गाळला जातो, पण तोच सर्वांत महत्त्वाचा, कारण आपण काय बोललो यापेक्षा त्याचे पडद्यावर काय झाले हे तेव्हाच माणसाला दिसते. लिहिता न येणाऱ्या व्यक्तीची संमती ध्वनिमुद्रित करावी. त्या मुद्रणात तिचे ‘हो’ तर असावेच. पण आपल्याला काय समजले हे तिने स्वतःच्या शब्दांत सांगितलेलेही असावे.

लहान मुलांना लघुपटात घ्यावे का?

१९८९ च्या बालहक्क संहितेत मुलाचे हित सर्वप्रथम पाहण्याचे तत्त्व आहे, मुलाला स्वतःचे मत मांडण्याचा हक्क आहे आणि खासगीपणाचाही हक्क आहे. हे तिन्ही एकाच वेळी सांभाळावे लागतात. पालकांचा होकार आवश्यक, पण पुरेसा नव्हे. मुलालाही त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत विचारावे आणि त्याने मान हलवून नकार दिला तरी तो नकारच धरावा. अत्याचार सोसलेल्या मुलाची ओळख कोणत्याही परिस्थितीत उघड करू नये. त्याला तो प्रसंग कॅमेऱ्यासमोर पुन्हा सांगायला लावणे हीसुद्धा इजाच आहे. मुलांनी स्वतः लिहिलेला, स्वतः चित्रित केलेला लघुपट ही मात्र फार सुंदर गोष्ट असते. तेथे मोठ्यांनी तांत्रिक मदत करावी आणि संहितेपासून दूर राहावे.

ओळख लपवायची असेल तर चेहरा धूसर करणे पुरेसे आहे का?

बहुतेक वेळा नाही. आवाज, हातावरचे गोंदण, अंगठी, बोलण्याची ढब, खिडकीतून दिसणारे मंदिराचे किंवा मनोऱ्याचे टोक, भिंतीवरची तसबीर यांवरून ओळखीचा माणूस सहज ओळखतो. आणि धोका असतो तो ओळखीच्या माणसाकडूनच. मूळ चित्रणच ओळख न पटणारे करावे, म्हणजे पाठमोरे, सावलीत किंवा केवळ हातांचे, हा सर्वांत खात्रीचा उपाय. संकलनात चेहरा धूसर केला, तरी मूळ फीत कोणाच्या हाती लागली तर उपयोग शून्य. आवाज यंत्राने बदलण्यापेक्षा तेच शब्द दुसऱ्या व्यक्तीकडून म्हणवून घ्यावेत आणि तसे पडद्यावर सांगावे. फाइलमध्ये चित्रीकरणाचे ठिकाण आणि वेळ यांची नोंद अनेकदा आपोआप होते. प्रसारित करायच्या प्रतीतून ती काढून टाकावी.

मोबाइलवर टिपलेले खरे दृश्य असताना वेगळा लघुपट कशाला?

कारण दृश्य स्वतःहून बोलते, हा समज इतिहासाने खोटा पाडला आहे. १९९१ च्या मार्च महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये पोलीस रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करत असताना जॉर्ज हॉलिडे यांनी घराच्या सज्जातून ते चित्रित केले आणि जगभर ते दाखवले गेले. पाहणाऱ्या बहुतेकांना वाटले, आता आणखी काय सिद्ध करायचे राहिले? पण खटल्यात बचाव पक्षाने तीच फीत संथ गतीने, एकेक चौकट थांबवून, प्रत्येक हालचालीला आपला अर्थ देत ज्यूरीला दाखवली. एप्रिल १९९२ मध्ये एकाही पोलिसाला दोषी धरले गेले नाही. पुढे १९९३ मध्ये संघराज्याच्या न्यायालयात दोघे दोषी ठरले. दृश्य तेच होते. भोवतीची मांडणी बदलली होती. लघुपटाचे काम ही मांडणी करण्याचे आहे: आधी काय घडले, नियम काय सांगतो, हे पहिल्यांदाच घडले का, आणि ज्याच्यावर बेतले तो काय म्हणतो.

पुरावा म्हणून उपयोगी पडेल असे चित्रण आणि जागृतीचा लघुपट यांची गल्लत मात्र करू नये. लिबियातील लष्करी कमांडर महमूद अल-वेरफल्ली यांच्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये अटक वॉरंट काढले, तेव्हा समाजमाध्यमांवर आलेल्या चित्रफितींना पुराव्यात मोठे स्थान होते. असे चित्रण मूळ स्वरूपात, न कापता, संगीत न जोडता जपावे लागते आणि ते कोणी, कधी, कोठे घेतले याची नोंद लागते. संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क कार्यालय आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मानवी हक्क केंद्र यांनी २०२० मध्ये अशा डिजिटल तपासासाठी ‘बर्कली प्रोटोकॉल’ ही मार्गदर्शिका आणली. आपल्या हाती असे काही आले, तर मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत करावी, लघुपटासाठी ती प्रत वापरावी आणि वरच्या उत्तरात सांगितलेली ठिकाणाची नोंद मूळ फाइलमधून पुसू नये.

त्या फाइलची एकमेव प्रत समाजमाध्यमावर ठेवण्याची चूकही करू नये. २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित तपासणीने सीरियातील युद्धाचे पुरावे असलेल्या असंख्य चित्रफिती हिंसक मजकूर म्हणून हटवल्या होत्या.

घडलेला प्रसंग पुन्हा उभा करून चित्रित केला किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रे तयार केली तर चालेल का?

प्रसंग पुन्हा उभा करणे ही जुनी आणि मान्य पद्धत आहे. अट एवढीच, की ते तसे आहे हे प्रेक्षकाला त्याच क्षणी कळले पाहिजे, शेवटच्या नामावलीत बारीक अक्षरांत नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या अत्याचाराच्या चित्रांपासून मात्र या कामात लांब राहावे असे मी आवर्जून सांगेन. असे एक चित्र उघडे पडले, की ज्यांचा छळ खरोखर झाला त्यांच्या खऱ्या चित्रणालाही ‘हेसुद्धा तयार केलेले’ म्हणणे सोपे होते. दृश्य उपलब्ध नसेल तर हाताने काढलेली चित्रे किंवा रिकामी जागा आणि त्यावर साक्षीदाराचा आवाज हे प्रामाणिक मार्ग आहेत.

लघुपटातून खरोखर काही बदलल्याचे उदाहरण आहे का?

आहे, पण ते पूर्ण सांगितले पाहिजे. शर्मीन ओबैद-चिनॉय यांच्या ‘अ गर्ल इन द रिव्हर’ या ४० मिनिटांच्या माहितीपटात पाकिस्तानातील एक तरुणी आहे. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले म्हणून वडिलांनी आणि काकांनी तिला गोळी घालून पाण्यात टाकले, आणि ती वाचली. तिथल्या कायद्यात कुटुंबीयांनी माफ केल्यास मारेकरी सुटण्याची वाट होती, आणि तिच्यावर माफीसाठी दबाव आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या कार्यालयात या माहितीपटाचे प्रदर्शन झाले, त्याच महिन्यात त्याला ऑस्कर मिळाले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये संसदेने ती पळवाट अरुंद करणारा कायदा केला.

मात्र या कायद्यासाठी तिथल्या स्त्री-संघटना आणि काही खासदार कितीतरी आधीपासून झटत होते, आणि जुलै २०१६ मध्ये समाजमाध्यमांवर प्रसिद्ध असलेल्या कंदील बलोच हिची तिच्या भावाने केलेली हत्या हेही त्या वेगाचे कारण होते. लघुपटाने एका तयार होत आलेल्या मागणीला चेहरा दिला. मागणीच तयार नसती, तर तोच लघुपट हळहळ निर्माण करून विरला असता. म्हणून लघुपट हाती घेण्यापूर्वी त्या प्रश्नावर आधीपासून काम करणाऱ्यांना भेटावे आणि त्यांची मागणी नेमकी काय आहे ते विचारावे.

प्रदर्शन आणि त्यानंतरची चर्चा कशी घ्यावी?

आयोजकाने लघुपट आधी किमान दोनदा पाहावा. सभागृहात बसलेल्यांपैकी कोणीतरी तेच सोसलेले असण्याची शक्यता नेहमी धरावी. आत काय आहे हे सुरुवातीला दोन वाक्यांत सांगावे, दार उघडे ठेवावे आणि उठून जाणाऱ्याला कारण विचारू नये. मदत कोठे मिळते याची माहिती लघुपट सुरू होण्यापूर्वीच सर्वांच्या हाती द्यावी, म्हणजे ती नंतर मागायला कोणाला सर्वांसमोर पुढे यावे लागत नाही.

लघुपट संपताच दिवे लावून ‘मग, कसा वाटला?’ असे विचारणे ही सर्वांत रूढ आणि सर्वांत निरुपयोगी पद्धत आहे. मिनिटभर काहीच बोलू नये. मग काय दिसले, काय ऐकू आले, एवढेच विचारावे, कारण माणसे जे दिसले ते न सांगता एकदम निवाडा देऊ लागतात. त्यानंतर हळूहळू कळीच्या प्रश्नाकडे यावे: यात कोणता हक्क नाकारला गेला, तो कोणी द्यायला हवा होता, आणि गोष्टीतल्या कोणत्या क्षणी कोणी वेगळे वागले असते तर शेवट बदलला असता? हा शेवटचा प्रश्न विशेष उपयोगी पडतो. शेजारी, कारकून, शिपाई, वर्गमित्र अशी बाजूला उभी असलेली पात्रे तेव्हा उजेडात येतात आणि प्रेक्षकाला स्वतःची जागा दिसू लागते.

विरोधी मत मांडणाऱ्याला गप्प करू नये. ‘ती तिथे गेलीच कशाला?’ असे कोणी म्हणाले, तर सूत्रसंचालकाने उत्तर देण्याची घाई न करता वैश्विक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाचे वाक्य मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांना बोलू द्यावे. मात्र उपस्थितांपैकी कोणाचा अपमान होऊ लागला, तर तेथे थांबवणे हे सूत्रसंचालकाचे कामच आहे.

वर्षातून एकदा, १० डिसेंबरला, मानवी हक्क दिन साजरा करण्यासाठी लघुपट लावण्यापेक्षा त्याच गटाला काही आठवड्यांच्या अंतराने तीन लघुपट दाखवावेत. दुसऱ्या बैठकीला माणसे अधिक मोकळेपणाने बोलतात.

दृष्टिहीन किंवा श्रवणदोष असलेल्या प्रेक्षकांसाठी काय करावे?

संवादांसोबत महत्त्वाचे आवाजही सबटायटलमध्ये लिहावेत; दारावरची थाप ऐकू आली नाही तर पुढचा प्रसंग कळत नाही. दृष्टिहीनांसाठी दृश्यांचे वर्णन करणारा वेगळा ध्वनिपट करावा, आणि शक्य असेल तेथे सांकेतिक भाषेतील अनुवाद द्यावा. हक्कांवरचा लघुपट एखाद्याला पाहताच येऊ नये, ही विसंगती आहे. संहिता लिहितानाच याचा विचार केला तर खर्च फारसा वाढत नाही.

दुसऱ्याचा लघुपट इंटरनेटवर आहे. तो दाखवायला परवानगी लागते का?

बहुतेक वेळा हो. इंटरनेटवर सर्वांना पाहता येतो याचा अर्थ सार्वजनिक प्रदर्शनाची मुभा आहे असा होत नाही. वैश्विक जाहीरनाम्याच्या सत्ताविसाव्या कलमातच निर्मात्याच्या हितसंबंधांचे संरक्षण सांगितले आहे. दिग्दर्शकाला पत्र पाठवावे. शैक्षणिक प्रदर्शनाला अनेक जण आनंदाने, विनामूल्य परवानगी देतात.

उपकरणांसाठी पैसे नसतील तर?

मोबाइल पुरतो. पैसे असलेच तर ते आवाजावर खर्च करावेत. चित्र थोडे अस्पष्ट असले तरी प्रेक्षक ते सोसतो. साक्षीदाराचे वाक्य ऐकू आले नाही तर सारे श्रम वाया जातात.

परिणाम झाला की नाही हे कसे ओळखावे?

किती जणांनी पाहिला हा आकडा सर्वांत सहज मिळतो आणि सर्वांत कमी सांगतो. प्रदर्शनापूर्वी आणि नंतर तोच एक साधा प्रश्न लेखी विचारावा, उदाहरणार्थ, ‘अटक झालेल्या माणसाला कोणते हक्क असतात?’, आणि उत्तरांतला फरक पाहावा. दोन महिन्यांनी परत जाऊन विचारावे, कारण त्या संध्याकाळचे उत्तर भारावलेले असते. कोणी तक्रार नोंदवली का, कोणी नियम काय आहे हे विचारायला आले का, एखाद्या शाळेने किंवा कार्यालयाने पद्धत बदलली का, याची नोंद ठेवावी. वाईट परिणामांचीही ठेवावी: लघुपटातील कोणाला त्रास झाला का, वस्तीची बदनामी झाली अशी भावना निर्माण झाली का?

लघुपट पूर्ण झाल्यावर त्यातील माणसांशी आपली जबाबदारी संपते का?

पहिले प्रदर्शन त्यांच्यासाठी, त्यांच्या सोयीच्या जागी आणि वेळी व्हावे. त्यांना प्रत द्यावी, नव्या ठिकाणी लघुपट जाणार असेल तर आधी कळवावे, आणि पुरस्काराची रक्कम आलीच तर तिचे काय करायचे हे चित्रीकरणाच्या आधी ठरलेले असावे. परिस्थिती बदलते: बोलणारी बाई नव्या गावी राहायला जाते, तिचे लग्न होते, ज्याच्याविरुद्ध ती बोलली तो सुटून येतो. अशा वेळी तिने लघुपट काढून घ्या म्हटले तर तो काढावा, मग तो कितीही महोत्सवांत निवडला गेलेला असो. इंटरनेटवर पसरलेल्या सर्व प्रती परत घेता येत नाहीत, हेही तिला पहिल्याच भेटीत सांगितलेले असले पाहिजे. पथकातल्या एका व्यक्तीने हा संपर्क सांभाळण्याची जबाबदारी नावानिशी घ्यावी, आपला क्रमांक तिच्याकडे द्यावा, आणि तो क्रमांक बदलला तर नवा तिला आठवणीने कळवावा.